पुंगळीचं काम

‘पिस्तुलासह दोन जिवंत काडतुसे जप्त’ अशी बातमी ठाण्याच्या पानावर अधूनमधून असतेच. अशा न उडालेल्या काडतुसाचे भाग चार: पुढे गोळी, मागे पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमरची इवलीशी टोपी आणि आत दारू. नाव होतं गोळीचं, पण अवघड काम पुंगळीच्या वाट्याला येतं.

चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आपटते. त्यातलं मिश्रण नुसत्या ठोक्याने पेटतं आणि ज्वाळा बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोचते. ही जुन्या तोफांची काळी दारू नव्हे. नायट्रोसेल्युलोजचे हे दाणे उघड्यावर भुर्रकन जळून जातात, बस्स. बंद जागेत मात्र दाब वाढला की जळणं वेग घेतं आणि त्याने दाब आणखी चढतो. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात तो २३५ मेगापास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे २,३०० पट जाऊ शकतो. साधारण ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास वेगाने सुटते. नळीतल्या पिळदार खाचा तिला फिरकी देतात, म्हणून ती हवेत कोलांट्या खात नाही.

त्याच क्षणी पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या पोकळीला, घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे, बंदूक धरणाऱ्याच्या तोंडावर येऊ देत नाही. दाब उतरताच किंचित आकसते, म्हणूनच बाहेर फेकली जाते. हे दोन्ही जमतं ते ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताच्या पितळाला. चकतीची वाटी, वाटीचं नळकांडं, असं ते टप्प्याटप्प्याने ओढतात. ओढताना पितळ कडक होत जातं. मधेमधे तापवून मऊ केलं नाही तर फाटतं. शेवटी बूड कडक आणि तोंड मऊ राहायला हवं. आपल्या ठाणे जिल्ह्यात अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, तिथे अशाच धातुकामाची परंपरा आहे.

पितळाचं एक दुखणं आपल्या पावसाळ्यातच उघडं पडलं. इंग्रजी फौजेची भारतातली काडतुसं तबेल्यांत ठेवलेली असताना आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना धातूत उरलेला ताण, असं हे त्रिकूट. कारण १९२१ साली स्पष्ट झालं. हलकं तापवून ताण काढला की तडे थांबतात. (घरातले पितळी नळ अमोनियावाल्या द्रावणाने घासू नयेत, तेही यासाठीच.)

बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबतात, कारण दारू उशिरानेही पेटू शकते. त्याहून घातक फुसका बार: आवाज दबका येतो, गोळी नळीतच अडकते आणि पुढचा बार नळी फोडतो.

काडतूस आगीत पडलं तर? चेंबरचा आधार नसल्याने पुंगळीच फाटते. जड गोळी फारशी हलत नाही. इजा करतात ते पितळेचे तुकडे आणि उडालेलं प्रायमर.