उजेडात बघितलं होतंस का?

संक्रांतीच्या आधीचा रविवार. भाचीचं पहिलंच बोरन्हाण आणि कपडे आणायचं काम मावशी म्हणून माझ्याकडे आलं. दादरच्या एका दुकानातून काळा सुती फ्रॉक घेतला, त्याच्याखाली घालायला पॉलिएस्टरची काळी लेगिंग्ज घेतली. काउंटरवर दोन्ही एकावर एक ठेवून पाहिली होती. एकसारखी काळीकुट्ट. घरी आल्यावर बहिणीनं ती गॅलरीत नेली, दुपारच्या उन्हात धरली आणि म्हणाली, "ताई, ही लेगिंग्ज चॉकलेटी आहे की!" खरंच होती. फ्रॉकला निळसर झाक, लेगिंग्जला तांबूस. आतून आईचा आवाज आला, "उजेडात बघितलं होतंस का गं?"

नव्हतं बघितलं. मंगलदास मार्केटात नाहीतर हिंदमाताला साडीवर ब्लाउजपीस जुळवणारी बाई दोन्ही कापडं उचलून थेट रस्त्यापर्यंत जाते, ती उगाच नाही. दुकानदारानं मला फसवलं नव्हतं. त्याच्या दुकानात ते दोन काळे खरोखरच एक होते आणि आमच्या गॅलरीत ते खरोखरच दोन होते. या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात आणि माझ्या मते रंगविज्ञानातली ही सगळ्यात मजेदार गोष्ट आहे.

कापडाला रंग असतो असं आपण म्हणतो. कापडाजवळ असते ती फक्त एक सवय: कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती गिळायचा आणि किती परत पाठवायचा. दृश्य प्रकाश साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा. या पट्ट्यातल्या प्रत्येक ठिकाणी कापडाचं वागणं वेगळं असू शकतं. म्हणजे कापडाची पूर्ण ओळख सांगायची तर आकड्यांची लांबलचक यादी लागेल. डोळा ती यादी वाचत नाही. त्याच्याकडे रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी आहेत, त्यांची संवेदनक्षमता साधारण 420, 530 आणि 560 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. प्रत्येक पेशी आपल्या टप्प्यात आलेल्या सगळ्या प्रकाशाची बेरीज करून मेंदूला एकच आकडा कळवते. शंभर रुपये आले, एवढंच. पन्नासाच्या दोन नोटा होत्या की दहाच्या दहा, ते तिला आठवत नाही. डोळ्यात प्रकाश टिपणारे असे तीनच प्रकार असावेत हा अंदाज इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1802 सालीच मांडला होता.

आता थोडं गणित करावं लागेल. नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा, पण खरी गंमत तिथेच आहे.

समजा एका शंकुपेशीच्या टप्प्यात फक्त दोनच पट्टे येतात, नारिंगी आणि गडद लाल, आणि पेशीला दोन्ही सारखेच जाणवतात. (प्रत्यक्षात गडद लाल तिला बराच कमी जाणवतो. आकडे मी सोयीचे घेतलेत.) दुकानातला दिवा नारिंगी प्रकाश 10 भाग देतो, गडद लाल फक्त 2. फ्रॉक दोन्ही पट्ट्यांतला 5 टक्के प्रकाश परत पाठवतो, तर लेगिंग्ज नारिंगीतला 4 टक्के आणि गडद लालमधला 10 टक्के. फ्रॉकची बेरीज: 10 गुणिले 5 आणि 2 गुणिले 5, म्हणजे 60. लेगिंग्जची: 10 गुणिले 4 आणि 2 गुणिले 10, म्हणजे 60. दोन्ही 60, मॅचिंग झालं, पैसे द्या. आता उन्हात या. तिथे गडद लालही 10 भाग आहे. फ्रॉक: 50 अधिक 50, शंभर. लेगिंग्ज: 40 अधिक 100, एकशे चाळीस. बाकीच्या दोन प्रकारच्या पेशींचे आकडे दोन्ही कापडांसाठी सारखेच राहिले, फक्त या एकीचाच आकडा चढला, तर मेंदू काय म्हणणार? तांबूस. कापडं तीच, पेशी तीच. बदलला तो फक्त दिवा.

हा हिशेब कागदावरचा असला तरी दिवा अगदी खरा आहे. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. त्यात साधारण 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणारी चिप असते आणि तिच्यावर त्यातला काही निळा पिवळ्यात बदलणारा स्फुरदीप्त लेप. ही चिप शक्य करणारा निळा एलईडी बनवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा आणि पिवळा मिळून आपल्या तीन पेशींना पांढऱ्याची बेरीज मिळते, म्हणजे दिवा स्वतःही मेटॅमेरिझमच्याच जिवावर पांढरा! पण साध्या एलईडीत 650 नॅनोमीटरच्या पुढे फारसं काही उरत नाही. सूर्यप्रकाशात तिथेही भरपूर माल असतो.

आणि कापडं? सुती कापड बहुधा रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात, ते धाग्यातल्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. पॉलिएस्टरला हे रंग धरत नाहीत, त्याला डिस्पर्स रंग लागतात. म्हणजे फ्रॉक आणि लेगिंग्जचे काळे रंग वेगवेगळ्या घराण्यांतले. शिवाय ते एकट्याने काळे नसतातच. निळ्यात नारिंगी, तांबडा मिसळून काळं केलेलं असतं आणि यातले बरेच रंग गडद लालच्या टोकाशी प्रकाश सोडायला लागतात. इतर रंगांतही हे होतं, पण काळ्यात मुळातच इतका कमी प्रकाश परत येतो की टक्का-दोन टक्क्यांचा फरकही नजरेत भरतो.

गिरणगावाच्या मुंबईला हे नवीन नाही. रसायन तंत्रज्ञान शिकवणारी माटुंग्याची यूडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, 1933 साली सुरू झाली, तेव्हापासून वस्त्ररसायन हा तिचा घरचा विषय. डाय हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवतात तिथे, शेड मॅचिंगसाठी लाइट बॉक्स असतो. त्यात बटण दाबून दिवसाचा उजेड, दुकानी ट्यूब, जुना पिवळा बल्ब असे दिवे आळीपाळीनं लावून नमुना तपासतात. गिऱ्हाइकाकडे हा बॉक्स नसतो, पण दुकानाचा दरवाजा असतो.

मोबाइलच्या फोटोवरून जुळवणी करू नये, तेही याचमुळे. कॅमेऱ्याचे लाल, हिरवे, निळे फिल्टर म्हणजे आपल्या शंकुपेशी नव्हेत, त्यांची बेरीज वेगळी निघते. आई-मुलीचे ऑनलाइन मागवलेले ट्विनिंगचे कपडे वेगवेगळ्या कापडांचे असतील तर माझ्या हिशेबी ती लॉटरीच. एकाच ताग्यातून शिवून घेतलेले असतील तर प्रश्नच नाही. नाहीतर सरळ कॉन्ट्रास्ट घ्यावा. पिवळ्या फ्रॉकखालची जांभळी लेगिंग्ज उन्हात थोडी सरकली तरी जांभळीच राहते.

संक्रांत आली की व्हॉट्सअॅपवर 'काळ्या कपड्यांमागचं विज्ञान' फिरतं: काळा रंग उष्णता शोषतो, म्हणून पूर्वजांनी वगैरे. उन्हात ते बऱ्याच अंशी खरं. पण बोरन्हाण घरात, बहुतेकदा संध्याकाळी, वीस वॉटच्या ट्यूबखाली होतं. तिथे फ्रॉक शोषून शोषून काय शोषणार? आणि सूर्याच्या ऊर्जेतला जवळपास अर्धा भाग अवरक्त असतो. तो डोळ्याला दिसतच नाही, आणि दिसायला काळे असलेले कित्येक रंग तो बऱ्यापैकी परत पाठवतात. काळा घालावा, हलव्याचे पांढरे दागिने त्यावर उठून दिसतात म्हणून. एवढं कारण पुरेसं नाही का? 'बुद्धीला चालना देणाऱ्या रंगांचं' झबलं विकणाऱ्यांचंही तेच. नवजात बाळाला रंग नीट दिसतच नाहीत, ती क्षमता पहिल्या काही महिन्यांत येते. आणि आल्यावरही अंगातलं झबलं त्याला कितीसं दिसणार? त्याच्या डोळ्यांसमोर असते ती आईची ओढणी.

लेगिंग्ज बदलायला वेळ झाला नाही. बोरन्हाण संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये, एलईडी ट्यूबखाली झालं. बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे डोक्यावरून घरंगळत होते, भाची त्यातलं बोर पकडायला बघत होती, आणि फ्रॉक आणि लेगिंग्ज पुन्हा एकसारखी काळीकुट्ट. आईनं चष्मा पुसून दोनदा पाहिलं.