व्हेक्टर मॉनिटरवर रेघेमागे सावली दिसत असेल तर

आमच्याकडून दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक यंत्रासोबत आम्ही हा कागद देतो. कृपया यंत्राजवळच ठेवा.

"रेघा दुहेरी दिसतात, मागे सावली राहते" अशी तक्रार आली की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ब्राइटनेस कुणी वाढवला का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "हो, दिवसा नीट दिसत नव्हतं म्हणून."

जुन्या, पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा किरण ओळीमागून ओळ सगळा पडदा झाडून काढतो. अ‍ॅस्टेरॉइड्स (१९७९), बॅटलझोन (१९८०) किंवा टेम्पेस्ट (१९८१) या जुन्या आर्केड (नाणं टाकून खेळायच्या) खेळांच्या व्हेक्टर मॉनिटरमध्ये तसं होत नाही. इथे किरण ठिपक्यांच्या रांगोळीसारखं चित्र काढतो. या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ, मग चिमूट घट्ट धरून हात पुढच्या आकृतीकडे. चिमूट सैल राहिली तर मधल्या जागेतही पूड सांडते. ब्राइटनेस जास्त असला की नेमकं हेच घडतं: विझलेला असायला हवा तो किरण पुरता विझत नाही आणि दोन आकृत्यांच्या मध्ये पुसट रेघा उमटतात.

तेव्हा आधी खोलीत अंधार करा. व्हेक्ट्रेक्स (घरी खेळायचं छोटं व्हेक्टर यंत्र) असेल तर ब्राइटनेसचा नॉब मागच्या बाजूला आहे. पुसट रेघा दिसेनाशा होईपर्यंत तो हळूहळू कमी करा. मोठ्या आर्केड यंत्रात ही बटणं आत, मॉनिटरच्या सर्किटच्या पाट्यांवर असतात. तिथे हजारो व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये भार साठून राहतो. कृपया आत हात घालू नका, आम्हाला बोलवा. ब्राइटनेस कमी करताना पुसट रेघांच्या आधी चित्रच गेलं, तर दोष किरण चालू-बंद करणाऱ्या झेड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असू शकतो किंवा ट्यूब थकलेली असू शकते.

उडालेल्या गोळीमागे क्षणभर राहणारी चमक हा दोष नाही. तो फॉस्फरचा, म्हणजे किरण पडला की उजळणाऱ्या पडद्याच्या आतल्या थराचा, गुण आहे, आणि आम्हाला विचाराल तर या पडद्यांचं निम्मं सौंदर्य त्यातच आहे.

कधी सावली ट्यूबमध्ये नसतेच. पडद्यासमोर टिंटेड शीट असते. अ‍ॅस्टेरॉइड्स डिलक्सच्या (१९८१) उभ्या यंत्रात तर चित्र अर्धपारदर्शक आरशातून दिसतं. डोकं डावी-उजवीकडे हलवून पाहा. चित्र आणि सावली यांमधलं अंतर बदललं, तर ते काचेतलं प्रतिबिंब आहे. आरशावर मुलामा असतो, त्यावर काच पुसायचं औषध मारू नका.

रंगीत मॉनिटरवर पांढऱ्या रेघेला लाल किंवा निळी कड दिसली, तर तीन किरण एका जागी पडत नाहीत असं समजा. ट्यूबच्या मानेवरची चुंबकं फिरवून ते जुळवावं लागतं. ते काम आमच्यावर सोपवा. यंत्र बंद असतानाही काचेवर आकृती दिसत असेल, तर फॉस्फर जळला आहे. तो डाग जात नाही.

आता आपल्याकडचा खास त्रास. अमेरिकेतून आणलेलं यंत्र १२० व्होल्टचं, आपली वीज २३० व्होल्टची. म्हणून लोक स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावतात आणि जागा वाचवायला तो यंत्राच्या पोटातच ठेवतात. एका ग्राहकाच्या घरी अ‍ॅस्टेरॉइड्समधले खडक थरथरत दुहेरी दिसत होते. आम्ही पाट्या काढल्या, कपॅसिटर मोजले, ड्राय सोल्डर शोधले, काही सापडेना. शेवटी ट्रान्सफॉर्मर बाहेर काढून दोन-तीन फूट लांब ठेवला आणि रेघ एक झाली! ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किरणाला सेकंदाला ५० वेळा ओढत असतं. खेळ चित्र काढतो तो वेग वेगळा, त्यामुळे तीच रेघ दर वेळी जराशी सरकून पडते. स्पीकरही पडद्यापासून दूर ठेवा. अटारी (वरचे खेळ बनवणारी कंपनी) हिच्या अनेक यंत्रांच्या पॉवर सप्लायवर २२०–२४० व्होल्टसाठी वेगळा प्लग बसवता येतो. तो बसला तर बाहेरचा ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. पण ही अदलाबदल आमच्याकडूनच करून घ्या.

एका बाबतीत मात्र थांबू नका. चित्र जाऊन पडद्याच्या मधोमध एकच प्रखर ठिपका उरला, तर त्याच क्षणी प्लग काढा. असा ठिपका फॉस्फर जाळतो, आणि या ट्यूब आता नव्याने बनत नाहीत. चित्र अजिबात नाही आणि आत लाल दिवा पेटलेला दिसतो, तर स्पॉट किलरने (असा ठिपका पडू नये म्हणून असलेल्या संरक्षक सर्किटने) किरण मुद्दाम बंद केला आहे. त्याला बगल देऊन यंत्र चालवू नका, कुणी मेकॅनिक तसं सुचवत असला तरीही.

फोन करण्याआधी दोन फोटो पाठवा. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा अर्ध्याच रेघा टिपतो. प्रो मोडमध्ये शटर १/१५ सेकंद ठेवा आणि मोबाइल स्टुलावर टेकवून अंधारात फोटो काढा. दुसरा फोटो यंत्र बंद असताना, दिवसाच्या उजेडात. ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवला आहे, तेही लिहा.