लहान मुलांना घेऊन दीड महिना युरोपात: निघण्याआधी एवढं वाचा

होळी झाली की आम्हा सहल आखून देणाऱ्यांकडे एक प्रश्न हमखास येतो. "पळापळीची टूर नको. मुलं लहान आहेत, महिना-दीड महिना निवांत राहायचंय. जमेल का?" जमतं. मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत शाळेची सुट्टी असते, तेवढ्यात सहा आठवडे बसतात. पण आठ दिवसांच्या सहलीचा आराखडा पाचपट ताणला की दीड महिन्याचा प्रवास तयार होत नाही. बहुतेक ग्राहक शहरांची यादी घेऊन येतात. आम्ही मात्र आधी विचारतो, धाकटं दुपारी किती वाजता झोपतं?

मुक्काम मोजके, पण लांब

पाच-सहा वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर एका गावात निदान आठ-दहा रात्री राहा, असा आमचा आग्रह असतो. तीन-तीन रात्रींचे मुक्काम करणारी घरं बॅगा भरण्यात आणि सोडण्यातच दमून जातात. मुलाला नव्या घरातला आपला कोपरा सापडायलाच दोन दिवस लागतात, आणि तो सापडला की तिसऱ्या दिवशी आपण त्याला उचलून पुढे नेतो.

आमच्या पसंतीचा आराखडा असा: व्हिएन्ना १३ रात्री, म्युनिक ८, ल्युसर्न ११, पॅरिस १०. एकूण ४२. व्हिएन्नाहून म्युनिक रेल्वेने साधारण चार तास. पुढे झुरिकला गाडी बदलून ल्युसर्न, आणि ल्युसर्नहून पॅरिस हे दोन टप्पे जरा लांबचे आहेत, पण दोन्ही दिवसाउजेडी आरामात होतात. मुलांसह विमानापेक्षा रेल्वे बरी. गाडीत उठून फिरता येतं. स्वित्झर्लंडच्या दुमजली इंटरसिटी गाड्यांत वरच्या मजल्यावर मुलांसाठी खेळायची जागा असलेला डबाही असतो.

स्वित्झर्लंडमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. आईबाबांकडे स्विस ट्रॅव्हल पास (देशभर रेल्वे, बस, बोटींना चालणारा एकच पास) असेल तर सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना बरोबर फुकट नेता येईल असं फॅमिली कार्ड मोफत मिळतं. ते पास काढतानाच मागा. ल्युसर्नच्या सरोवरातल्या बोटीही त्याच पासवर चालतात.

पहिले तीन दिवस कुठलंही तिकीट काढू नका. उन्हाळ्यात मध्य युरोप आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. घरी सकाळी सातला उठणारं मूल तिथे पहाटे साडेतीनला टक्क जागं होतं आणि संध्याकाळी जेवणाच्या ताटावर पेंगतं. शिवाय पॅरिसला जूनच्या मध्यात सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो. "अजून उजेड आहे, झोपू कसा?" या प्रश्नाला उत्तर नसतं. म्हणून घर ठरवताना झोपायच्या खोलीला जाड पडदे किंवा खिडकीला झडपा आहेत ना, हे आम्ही घरमालकाला विचारून घेतो.

व्हिसा आणि एक वाढदिवस

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. पण प्रत्यक्षात किती दिवस मिळाले ते व्हिसाच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आणि तोच आकडा खरा. पासपोर्ट हातात आला की घरातल्या प्रत्येकाचा स्टिकर वेगवेगळा वाचा.

अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री आहेत त्याच्याकडे करायचा, म्हणजे वरच्या आराखड्यात व्हिएन्नाच्या १३ रात्रींमुळे ऑस्ट्रियाकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो शुल्क आहे आणि सहाखालच्यांना काही नाही. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बारा वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत. आई किंवा बाबा, एकटेच मुलांना घेऊन जाणार असतील तर दुसऱ्याचं लेखी संमतीपत्र लागतं. मुलांचे पासपोर्टही आजच उघडून बघा. ते पाचच वर्षांचे असतात आणि मुदत संपत आल्याचं बऱ्याचदा ऐन वेळी लक्षात येतं.

आता वाढदिवसाचं. दोन वर्षांखालचं मूल विमानात मांडीवर नेता येतं आणि भाडं बरंच कमी पडतं. पण प्रवासात असतानाच ते दोन वर्षांचं झालं, तर परतीला त्याची स्वतंत्र जागा काढावी लागते. आठ दिवसांच्या सहलीत असं क्वचित होतं, दीड महिन्यात सहज होतं. एकदा आमच्याच नजरेतून ही तारीख सुटली होती आणि त्या कुटुंबाला परतीची जागा महागात घ्यावी लागली. तेव्हापासून मुलांच्या जन्मतारखा आम्ही फाइलच्या पहिल्या पानावर लिहितो.

डबा, कुकर आणि हापूस

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. युरोपीय संघात बाहेरून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेता येत नाहीत. आजीने कितीही मायेने कढवलेलं असलं तरी साजूक तूप घरी ठेवा. पेढे, खव्याची बर्फी, पनीर, तेही घरीच. बाळाची दुधाची पावडर आणि बाळअन्न माणशी दोन किलोपर्यंत चालतं, पण ते फ्रिजशिवाय टिकणारं आणि कंपनीच्या बंद डब्यातलं हवं. घरून डब्यात ओतून नेलेली पावडर चालणार नाही.

मे महिना म्हटला की कोणीतरी तिथल्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचं काढतंच. आंब्यासाठी रोगकीडमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याची आयातच बंद केली होती. ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. तपासणी किती काटेकोर असते ते यावरून ध्यानात यावं. ताज्या कढीपत्त्यालाही तोच नियम आहे.

मग न्यायचं काय? मेतकूट, नाचणीचं सत्त्व, भाजणी, मसाले, कोरडी चटणी. तांदूळ आणि मुगाची डाळ मोठ्या शहरांतल्या आशियाई दुकानांत मिळते, त्यासाठी बॅगेचं वजन वाढवू नका. कुकर नेणार असाल तर तळाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच न्या. तिथल्या बऱ्याच घरांत इंडक्शन शेगडी असते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, पण आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसत नाही.

ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. दूध, ब्रेड, डायपर शनिवारीच आणून ठेवा. अडलंच तर मोठ्या रेल्वे स्थानकातलं दुकान उघडं सापडतं. पाणी मात्र विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला १८७३ पासून थेट आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतं.

औषधं आणि विमा

मुलांच्या डॉक्टरांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: औषधाचं मूळ नाव (कंपनीने दिलेलं नव्हे), आणि मुलाच्या वजनानुसार डोस मिलिग्रॅममध्ये. "तापाचं औषध पाच मिली" एवढ्यावर भागत नाही, कारण पॅरासिटामॉलचं सिरप तिथे वेगळ्या तीव्रतेचं असू शकतं आणि घरची सवय चुकीचा डोस देऊ शकते. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. लसीकरणाच्या कार्डावर गोवराचे डोस पूर्ण आहेत का, हे निघण्याच्या दोन महिने आधी बघा. आणीबाणीला ११२.

व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतो. आम्ही त्याहून मोठा घ्यायला सांगतो. पॉलिसीत दवाखान्यातल्या साध्या तपासणीचा खर्च येतो का, हे विचारा. मुलं रुग्णालयात दाखल होण्यापेक्षा तापाने आणि कानदुखीनेच जास्त वेळा डॉक्टरकडे जातात.

बाबागाडी

हलकी, एका हाताने मिटणारी न्या. पॅरिसच्या जुन्या मेट्रो स्थानकांत जिनेच जिने आहेत, तिथे बस सोयीची. टॅक्सी किंवा भाड्याची गाडी घेणार असाल तर मुलांच्या आसनाची आगाऊ मागणी करा. जर्मनीत बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरहून बुटक्या मुलांना ते सक्तीचं आहे.

पहिल्या भेटीला येताना सगळ्यांचे पासपोर्ट, लसीकरणाची कार्डं आणि शाळेच्या सुट्ट्यांचं पत्रक आणा. मुलांनाही घेऊन या. थोरलीला बोट आवडते की आगगाडी, हे तिच्याच तोंडून ऐकून आम्ही ल्युसर्नच्या रात्री कमी-जास्त करतो.