हवा उणे पंधरा, माती शून्यावर

पर्माफ्रॉस्टची बातमी आली की मथळ्यात 'टाइम बॉम्ब' हा शब्द ठरलेला असतो. सैबेरियातली गोठलेली जमीन वितळतेय, तिच्यातला मिथेन एक दिवस भसकन बाहेर येणार आणि सगळा खेळ खलास, असा एकूण सूर. अशा बातम्यांनी लोक आधी घाबरतात आणि चार वर्षांत स्फोट झाला नाही की निर्धास्त होतात. पर्माफ्रॉस्टमधून वायू झिरपत बाहेर येतो. त्यातला बराचसा भाग तर अशा दिवसांत येतो, जेव्हा मातीतला थर्मामीटर आठवडेच्या आठवडे शून्यावरून हलत नाही. हे प्रकरण मला पर्माफ्रॉस्टच्या सगळ्या विज्ञानातलं सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

लागोपाठ किमान दोन वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, ती पर्माफ्रॉस्ट. सैबेरियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या गृहस्थाने 1828 साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. 1837 पर्यंत ती 116 मीटर खोल गेली, तरी तळाची माती गोठलेलीच होती. उत्तरेकडच्या अशा जमिनीत हजारो वर्षांतली मुळं, शेवाळ, गवत, प्राण्यांचे अवशेष पुरते कुजण्याआधीच गोठून पडले आहेत. त्यातला सेंद्रिय कार्बन 1,500 अब्ज टनांच्या आसपास, म्हणजे आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट भरतो.

वरचा थोडा थर मात्र दर उन्हाळ्यात वितळतो आणि थंडीत परत गोठतो. याला सक्रिय थर म्हणतात. आता शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. एक ग्रॅम पाणी एका अंशाने थंड होताना एक कॅलरी उष्णता सोडतं. तेच पाणी शून्य अंशाला गोठताना 80 कॅलरी सोडतं आणि तेवढ्या वेळात त्याचं तापमान तसूभरही बदलत नाही.

ढोबळ हिशोब करू. सक्रिय थर अर्धा मीटर जाड आणि त्यात निम्मं पाणी धरलं, तर एक चौरस मीटर जमिनीखाली 250 किलो पाणी आहे. ते पूर्ण गोठायला सुमारे 8.4 कोटी ज्यूल उष्णता बाहेर पडली पाहिजे. जमिनीवर 30 सेंटीमीटर हिम साचलंय, वर हवा उणे 15 अंश आणि खाली माती शून्य अंश. हिम हे उत्तम पांघरूण. त्याच्यातून दर चौरस मीटरला सेकंदाला साधारण 10 ज्यूल एवढीच उष्णता निसटते. भागाकार केला की उत्तर येतं 97 दिवस! अप्रकट उष्मा नसता, तर हीच माती दर दोन दिवसांना एक अंश थंड होत गेली असती. प्रत्यक्षात खालच्या गोठलेल्या जमिनीकडूनही थंडी वर चढते, त्यामुळे मुदत थोडी घटते. पण वरून गोठत आलेला थर आणि खालून गोठत आलेला थर यांच्या मधली ओली माती कित्येक आठवडे शून्यावरच अडकून राहते. तापमानाच्या आलेखात तिथे सपाट रेष दिसते. शास्त्रज्ञ तिला 'झिरो कर्टन', शून्याचा पडदा, म्हणतात.

या पडद्याआड सूक्ष्मजीवांचं काम चालूच असतं, कारण त्यांना द्रवरूप पाणी मिळतंय. चिकणमातीत तर शून्याखाली दोन-तीन अंशांवरही कणांभोवती पाण्याचा पातळ थर शिल्लक राहतो. पाणथळ, प्राणवायू नसलेल्या मातीत हे जीव मिथेन तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशोबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27 ते 30 पट ऊब धरतो. ग्रीनलंडमधल्या झाकेनबर्ग इथे माती गोठायला लागल्यावर मिथेनची मोठी लाट बाहेर पडते, असं 2008 साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालं. तोवर बहुतेक मोजणी उन्हाळ्यापुरतीच होत असे. 2016 मध्ये अलास्कातल्या टुंड्राच्या वर्षभराच्या मोजणीतून दिसलं की वर्षाचा निम्मा किंवा त्याहून जास्त मिथेन सप्टेंबर ते मे या थंडीच्या महिन्यांत बाहेर येतो.

हिवाळा उबदार झाला, हिम लवकर आणि जाड पडलं, तर पडदा लांबत जातो. एखाद्या वर्षी पुढचा उन्हाळा आला तरी मधला थर गोठलेलाच नसतो. अशा कायम ओल्या राहिलेल्या थराला तालिक म्हणतात. तालिक तयार झाला की सूक्ष्मजीवांना बारा महिने काम मिळतं.

हाच अप्रकट उष्मा आपल्याला फसवतोही. 2007 ते 2016 या काळात अतिथंड, सलग पर्माफ्रॉस्ट सरासरी 0.39 अंशांनी तापला, तर दक्षिणेकडचा तुटक पर्माफ्रॉस्ट फक्त 0.20 अंशांनी. म्हणजे दुसरा सुरक्षित आहे का? उलट, तो आधीच शून्याच्या उंबरठ्यावर आहे. तिथे येणारी उष्णता तापमान वाढवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात खर्च होते.

'बर्फातून उठलेले महाभयंकर व्हायरस' हे फॉरवर्डही कृपया पुढे पाठवू नका. 2014 साली 30,000 वर्षांपूर्वीच्या मातीतून जिवंत केलेला पिथोव्हायरस फक्त अमिबाला संसर्ग करतो. 2016 मध्ये सैबेरियातल्या यामाल द्वीपकल्पात अँथ्रॅक्स या जिवाणूजन्य रोगाने एका मुलाचा आणि दोन हजारांहून अधिक रेनडियरचा बळी घेतला, तो धोका खरा होता. पण तो जिवाणू ओळखीचा आहे आणि त्यावर लसही आहे.

मग एकूण किती कार्बन येईल? आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालाचा अंदाज असा, की तापमानवाढीच्या प्रत्येक अंशामागे 2100 पर्यंत सुमारे 18 अब्ज टन कार्बन, कार्बन डायऑक्साइडच्या रूपात. शक्यता 3 पासून 41 पर्यंत कुठेही. माणूस कोळसा, तेल आणि वायू जाळून एका वर्षात साधारण 10 अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. म्हणजे हा बॉम्ब नाही, पण तापमानवाढ आवरायची तर आपण अजून जेवढा कार्बन सोडू शकतो, त्या शिलकीतून परस्पर वजा होणारी रक्कम नक्कीच आहे. त्यातही जमीन खचून तळी होतात, दरडी कोसळतात, अशा ठिकाणचं झपाट्याचं वितळणं हवामानाचा अंदाज करणाऱ्या बहुतेक संगणकीय प्रारूपांत अजून नीट धरलेलंच नाही.