प्रोटेक्शन व्हिसा: तुमच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवला जातो?

ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसासाठी (सबक्लास 866; मायदेशी परतल्यास छळ होण्याची भीती असलेल्यांसाठीचा व्हिसा) अर्ज केलेल्या किंवा करू पाहणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी ही माहिती आहे.

बहुतेकांकडे छळाचा लेखी पुरावा नसतो; धमकी देणारा काही पावती देत नाही. त्यामुळे निकाल बराचसा तुमच्या जबाबावर ठरतो. दावा नेमका मांडण्याची आणि जमेल तो पुरावा देण्याची जबाबदारी कायद्याने तुमचीच आहे. अधिकारी प्रत्येक शब्द खरा धरायला बांधील नाही. मात्र एक तपशील चुकला म्हणून उरलेली हकिकत सरसकट बाजूला सारू नये, असं न्यायालयांनीही बजावलं आहे.

अर्ज, मुलाखत, पूर्वीचा स्टुडंट किंवा व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म, कधी फेसबुकसुद्धा, हे सगळं एकमेकांशी ताडून पाहिलं जातं. गाडी अडते ती बहुधा तारखांवर. समजा, घरावर हल्ला 2023 च्या गणपतीत झाला. फॉर्ममध्ये तुम्ही अंदाजाने 31 ऑगस्ट लिहिलंत आणि मुलाखतीत ‘गणपती बसले त्या दिवशी’ म्हणालात. पण 31 ऑगस्टला गणपती बसले ते 2022 साली. 2023 ची चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. झाल्या एकाच हल्ल्याच्या दोन तारखा! आठवत नसेल तर सरळ ‘गणपतीच्या सुमारास, नक्की तारीख आठवत नाही’ असं लिहा. चूक आधीच झाली असेल तर फॉर्म 1023 भरून कळवा, मुलाखतीची वाट पाहू नका.

सगळ्यात महागात पडतो तो न्यायाधिकरणापुढे (नकाराचा फेरविचार करणाऱ्या स्वतंत्र संस्थेपुढे) पहिल्यांदाच काढलेला मुद्दा. व्हिसाचा पहिला निर्णय देणाऱ्या गृह विभागाच्या (Home Affairs) निर्णयाआधी तो का सांगितला नाही, याचं पटण्यासारखं कारण नसेल, तर कायद्यानुसार त्याचा अर्थ तुमच्याविरुद्धच लावला जातो. लैंगिक अत्याचार, समलैंगिकता, घरातली मारहाण अशा सांगायला जड जाणाऱ्या गोष्टीच नेमक्या मागे राहतात. आम्हाला तरी पहिल्याच भेटीत सांगा. मुलाखतीसाठी स्त्री अधिकारी किंवा स्त्री दुभाषी हवी असेल तर तशी विनंती करता येते. दुभाष्याने चुकीचं सांगितलं असं वाटलं तर तिथल्या तिथे बोला.

इथे आल्यावर लगेच अर्ज का केला नाही, हा प्रश्नही येणारच. खरं कारण तयार ठेवा.

तयार ‘स्टोरी’ विकणाऱ्या एजंटांपासून लांब राहा. तशी प्रकरणं आम्ही घेत नाही. ओळखीचा किंवा नागरिकत्वाचा बनावट कागद निघाला आणि त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर तेवढ्यावरही व्हिसा नाकारला जाऊ शकतो. एकदा नकार मिळाला की ऑस्ट्रेलियात राहून दुसरा प्रोटेक्शन अर्ज सहसा करता येत नाही.

पहिल्या भेटीला येताना पासपोर्ट, आधीच्या सगळ्या व्हिसा अर्जांच्या प्रती आणि विभागाची पत्रं आणा. हकिकत मराठीतच, तुमच्या शब्दांत लिहून आणा. इंग्रजीचं आम्ही बघतो.