जुन्या गेमच्या मूळ कॅसेटी शोधण्यामागची गोष्ट

ब्रिटनमध्ये एप्रिल 1982 मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला तेव्हा त्याची किंमत 125 पौंडांपासून सुरू होत होती. गेम यायचे ते साध्या ऑडिओ कॅसेटवर. याच जुन्या कॅसेटींच्या मूळ प्रती लोक आज शोधत फिरतात. टेपरेकॉर्डर वायरने जोडायचा, प्ले दाबायचं आणि चार-पाच मिनिटं तो किरकिरा आवाज ऐकत थांबायचं. आधी टीव्हीच्या कडेला लाल-निळसर पट्टे, मग माहिती आत जाऊ लागली की निळे-पिवळे.

गेम म्हणजे शेवटी आवाजच असल्यामुळे त्याची नक्कल करायला काहीच लागत नसे. आपल्याकडे गाण्यांच्या कॅसेटी भरून घ्यायचो, तसे तिथली मुलं गेम भरून घ्यायची. एक कोरी कॅसेट आणि दोन डेकचा टेपरेकॉर्डर असला की काम झालं. असे टेपरेकॉर्डर विकणाऱ्या ॲमस्ट्रॅडला गाण्यांच्या कंपन्यांनी कोर्टात खेचलं. पण केवळ असं यंत्र विकणं म्हणजे स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, असा निकाल 1988 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने दिला. सॉफ्टवेअरलाही स्वामित्वहक्क लागू आहे, हे कायद्यात स्पष्ट झालं तेच मुळी 1985 मध्ये.

आजच्या शोधाचं मूळ या काळात आहे. नक्कल रोखण्यासाठी गेमच्या कंपन्यांनी कॅसेटसोबत अशा वस्तू द्यायला सुरुवात केली, ज्या टेपवर भरून घेता येणार नाहीत. चाळीस वर्षांनी लोक नेमक्या त्याच वस्तू शोधत आहेत.

1984 मधला ‘जेट सेट विली’ घ्या. मॅथ्यू स्मिथचा हा गेम लिव्हरपूलच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने काढला. कॅसेटबरोबर एक छोटं छापील कार्ड यायचं, त्यावर 180 घरं आणि प्रत्येक घरात चार रंगीत चौकोन. गेम सुरू होताना स्क्रीनवर एका घराचा पत्ता यायचा आणि त्या घरातले रंग क्रमाने 1 ते 4 या बटणांनी भरायचे. त्या वेळी रंगीत झेरॉक्स सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती. कार्ड हाताने उतरवायचं तर 720 चौकोन रंगवायला बसावं लागे. कार्ड हरवलं, तर पैसे देऊन घेतलेला गेमही चालेना. मुलांच्या खोलीतला हा कागदाचा तुकडा किती घरांत टिकला असेल, याचा विचार केला की कार्डासकट मिळालेल्या प्रतीचं मोल समजतं.

याच गेममध्ये एक मोठी चूकही होती. पोटमाळ्याच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं की इतर खोल्यांची माहिती बिघडायची आणि गेम पुरा करणं अशक्य व्हायचं. कंपनीने आधी हा खेळाचाच भाग असल्याचं सांगितलं आणि नंतर गेममध्ये भरायचे दुरुस्तीचे आकडे जाहीर केले. इंटरनेटवर फिरणाऱ्या फायलींमध्ये कुणी ना कुणी दुरुस्ती केलेली असू शकते. 1984 मध्ये दुकानातून घरी गेलेला गेम नेमका कसा होता, हे फक्त मूळ कॅसेटच सांगते.

कार्डापेक्षा त्रासदायक प्रकार म्हणजे लेन्सलॉक. 1985 मध्ये स्पेक्ट्रमवर आलेल्या ‘एलिट’ या अवकाशयानाच्या गेमसोबत घडी घालता येणारी प्लॅस्टिकची एक भिंगपट्टी दिली होती. स्क्रीनवरची विस्कटलेली अक्षरं तिच्यातून पाहिली की वाचता यायची. टीव्ही फार मोठा किंवा फार छोटा असेल तर तेही जमत नसे. शिवाय काही डब्यांत चुकीचीच पट्टी गेली होती. त्यामुळे आज ‘एलिट’ची प्रत घेताना पट्टी आहे का, एवढं विचारून भागत नाही, ती याच गेमची आहे का, हेही पाहावं लागतं. त्याआधीचा, 1984 मधला बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश कॉम्प्युटरवरचा मूळ ‘एलिट’ मात्र डबा भरून यायचा: माहितीपुस्तिका, यानांचा तक्ता, रॉबर्ट होल्डस्टॉकने लिहिलेली कादंबरिका. यातलं एक जरी कमी असलं तरी संग्राहक प्रत अपुरी धरतात, आणि ते मला पटतं. कारण खेळणाऱ्याच्या मनातलं अवकाश निम्मं त्या कागदांनीच उभं केलं होतं.

एकाच गेमच्या अनेक आवृत्त्या निघाल्याने माग काढणं आणखी किचकट होतं. मॅथ्यू स्मिथचाच ‘मॅनिक मायनर’ 1983 मध्ये आधी बग-बाइट कंपनीने काढला. मग स्मिथ गेम घेऊन सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सकडे गेला आणि तो तिथून पुन्हा निघाला. दोन्हींत काही शत्रूंची चित्रं वेगळी आहेत आणि चीट कोडही (खेळात सवलत मिळवून देणारा गुप्त संकेत) वेगळा: पहिल्यात 6031769, दुसऱ्यात ‘टाइपरायटर’ हा शब्द. त्यातच 1984 पासून मास्टरट्रॉनिक कंपनीने 1.99 पौंडांत गेम विकायला सुरुवात केली, तेही पेपरवाल्याच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर. पुढे जुने गाजलेले गेमही अशा स्वस्त मालिकांमधून नव्या कव्हरांत आले. अशा प्रती आजही सहज मिळतात. पहिली आवृत्ती शोधावी लागते.

अमेरिकेत सुरुवात याहून साधी होती. रिचर्ड गॅरिअटचा ‘अकलाबेथ’ हा गेम टेक्सासमधल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात प्लॅस्टिकच्या झिप पिशवीत घालून विकायला ठेवला होता. त्या मोजक्याच पिशव्या होत्या. नंतर तो मोठ्या प्रकाशकाकडून निघाला.

हे सगळं एखाद्या ग्रंथालयात जपलेलं असेल असं वाटतं, पण तसं झालं नाही. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. कॅसेटवरच्या गेमला हे बंधन नव्हतं. जतनाचं काम खेळणाऱ्यांनीच अंगावर घेतलं. 1995 मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’ या वेबसाइटने गेमची नोंद ठेवता ठेवता ‘बेपत्ता’ गेमचीही यादी केली. मासिकात जाहिरात दिसते, पण कॅसेट कुणाकडेच नाही, असे हे गेम. सुरुवातीच्या फायलींमध्ये फक्त मेमरीची छबी साठवलेली असे. लोडिंगचा भाग आणि नक्कल रोखण्याची युक्ती त्यात येत नसे. पूर्ण टेप जशीच्या तशी उतरवणारं टीझेडएक्स फॉरमॅट आलं आणि पूर्वी ‘जतन झाले’ म्हणून सोडून दिलेल्या गेमच्याही मूळ कॅसेटी पुन्हा हव्या झाल्या.

भारताशीही धागा आहे. 1984 च्या ‘क्लास’ या संगणक-साक्षरतेच्या प्रकल्पातून आपल्या शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले आणि दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ इथे विकला. त्यामुळे इथल्या एखाद्या माळ्यावरच्या खोक्यातही अशी कॅसेट निघू शकते.

मोहोरबंद प्रती न उघडता कपाटात ठेवण्याचा प्रकार मला मान्य नाही. बंद डब्यातही फीत म्हातारी होतच असते आणि वाचल्याशिवाय तिच्यात काय शिल्लक आहे ते कळणार नाही. कॅसेट सापडली तर लगेच कॉम्प्युटरला जोडू नका. आधी फितीमागची छोटी नमद्याची गादी जागेवर आहे का पाहा. जुना गोंद सुकला की ती गळते. बुरशी दिसली तर टेप अजिबात चालवू नका. सगळं ठीक असेल तर पेन्सिलीने फीत हलकेच ताणून घ्या, डेकचं हेड स्वच्छ करा आणि दोन्ही बाजू डब्ल्यूएव्ही या आवाजाच्या फाइलमध्ये उतरवा. आवाज दबका आला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवून तो खणखणीत होतो का पाहा. कव्हरचं कार्ड उलगडून पुढून-मागून स्कॅन करा. आत रंगीत चौकोनांचा कागद निघाला तर तोही.