ओढ्यातले मासे घरच्या टाकीत पाळणे

ओढे, नद्या, तळी आणि भातखाचरे यांत मुळातच आढळणारे छोटे मासे स्वतः पकडून काचेच्या टाकीत पाळण्याचा छंद. दुकानातला गप्पी किंवा गोल्डफिश परदेशी मूळचा, कित्येक पिढ्या टाकीत वाढलेला असतो. ओढ्यातला मासा कालपर्यंत वाहत्या पाण्यात होता, आणि या छंदातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. या नोंदीत मुख्यतः सह्याद्री आणि दख्खनच्या पठारावरील माशांचा विचार केला आहे.

या माशांच्या शास्त्रीय नावांत मराठी ऐकू येते. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी विल्यम सायक्स याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. तेव्हा त्याने अनेकांना कोळ्यांच्या तोंडची नावेच दिली. मळ्या नावाच्या माशाचा ‘गारा मुल्या’ झाला, शिंगटीची ‘मिस्टस सींगटी’. जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ ही नावे आजही लिहितात. पुण्या-साताऱ्यातल्या टाक्यांत मात्र हे मासे क्वचितच दिसतात.

टाकीसाठी मळ्या, तळाशी राहणारी मुरी, लांबट दांडवण आणि अंगावर काळे ठिपके असणारा पेथिया टिक्टो हे बोट-दोन बोटांचे मासे सोयीचे. मळ्याच्या हनुवटीखाली मांसल चकती असते. तिच्या आधाराने तो धबधब्याखालच्या कातळाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. वरून पाहिले तर तो मातकट, दगडासारखाच दिसतो. ती चकती नीट दिसते ती तो टाकीच्या काचेला चिकटल्यावर, आपल्याकडे पोट करून. शिंगटी लहान असताना गोजिरी वाटते, पण ती वाढते आणि रात्री शेजाऱ्यांना गिळते. शिवाय तिचा काटा जाळीत अडकतो आणि हातातही शिरतो. मरळीची पिल्लेही अशीच वाढतात आणि शेजाऱ्यांना गिळतात.

पकडण्याचा हंगाम नीट निवडावा लागतो. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढतात. कोकणात त्यांना चढणीचे किंवा वलगणीचे मासे म्हणतात आणि ते पकडायला गावेच्या गावे लोटतात. छंदासाठी त्या दिवसांत मासा उचलू नये, कारण त्याच्या पोटात पुढची पिढी असते. उन्हाळ्यात ओढा आटून डोहांपुरता उरतो आणि सगळे मासे तिथे गोळा होतात. अशा वेळी जाळी बुडवली की भरून येते, म्हणून मोह होतो. पण त्या ओढ्याचे पुढच्या वर्षीचे बियाणे तेवढेच असते. पाऊस सरून पाणी निवळल्यापासून थंडी संपेपर्यंतचा काळ त्यामानाने बरा.

साधन साधे असते. मच्छरदाणीच्या कापडाची हातजाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची आणि वरच्या अंगाचे दगड पायाने हलकेच हलवायचे. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला अंडी किंवा किड्यांच्या अळ्या असू शकतात. रामेठा, गेळफळ अशा विषारी वनस्पती कुटून पाण्यात टाकण्याची जुनी रीत आहे, अलीकडे ब्लीचिंग पावडरही वापरतात. यात लहान-मोठे सगळेच मरते. पाण्यात विष किंवा सुरुंग वापरण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच बंदी केली.

मासे मरतात ते बहुधा वाटेत. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवावी, मासे थोडेच घ्यावेत आणि पिशवी अंधारात, गार ठेवावी. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेली पिशवी संध्याकाळी उघडताना काय दिसते, ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा तसे करत नाही. घरी पिशवी टाकीत तरंगत ठेवून दोन्ही पाण्यांचे तापमान सारखे होऊ द्यावे, मग थोडे थोडे पाणी मिसळावे. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवतात, कारण रानातल्या माशाबरोबर माशांच्या उवा आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येऊ शकतो. सुरुवातीला ते कोरडे खाद्य तोंडातही घेत नाहीत, डासांच्या अळ्या मात्र लगेच टिपतात. डोंगरी ओढ्यातल्या माशांना पाण्याचा जोर आणि भरपूर प्राणवायू लागतो. वाटीएवढ्या काचगोळ्यात मळ्या ठेवणे हा निव्वळ छळ आहे.

कुठून पकडू नये हेही ठरलेले आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय मासेमारी चालत नाही. धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. महाडजवळच्या वाळणकोंडीतले आणि वाड्याजवळच्या तिळशातले मासे देवाचे, त्यांना कोणी हात लावत नाही. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या पाण्यात शिस्टुरा हिरण्यकेशी ही मुरीच्या जवळची नवी जाती २०२० मध्ये नोंदली गेली. बेसुमार पकडीने ती संपू नये म्हणून राज्य शासनाने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केली.

ही भीती अनाठायी नाही. केरळातल्या नद्यांतला लाल पट्ट्याचा ‘मिस केरळ’ १९९७ मध्ये सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात तिसरा आला, त्यानंतर परदेशी मागणी वाढली आणि नद्यांतून तो उपसला गेला. २००८ मध्ये केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले. आज तो संकटग्रस्त जातींत गणला जातो.

टाकीतला मासा नकोसा झाला, तरी तो ओढ्यात परत सोडत नाहीत, ज्या ओढ्यातून आणला त्याच ओढ्यातसुद्धा. दुकानातल्या माशांचा रोग त्याच्याबरोबर जाऊ शकतो. दुकानातले मासे सोडले तर काय होते, हे उजनीच्या मच्छीमारांना विचारावे. त्यांच्या जाळ्यात आता दक्षिण अमेरिकेतला सकर येतो. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या खरबरीत अंगाने जाळी तेवढी फाटतात.